तळ्यातली तुरटी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे हे मला आजही नीट कळत नाही. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हातात पडलीच, तर त्याची आधीच माफी मागते. मला बोलायला जमत नाही. चार माणसं समोर आली की तोंडातलं पाणी आटतं. कागद समोर असला की तसं होत नाही.

नवरा गेल्यावर मुलाने कागदपत्रं केली आणि मला इकडे ओहायोत, डब्लिनला आणलं. त्याला आता चार वर्षं होतील. मुलगा ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करतो. सून रंगाच्या कंपनीत आहे, तिथल्या प्रयोगशाळेत. दोघं सकाळी आठच्या आत गाड्या घेऊन जातात आणि मग घरात मी एकटी. सून वागायला चांगली आहे. पण आम्ही दोघी घरात एकमेकींना धक्का न लावता चालायचो. तिला वाटायचं मी काही सांगत नाही, मला वाटायचं तिला वेळ नाही.

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एक नागपूरचं जोडपं राहतं. घरात सगळे त्यांना काका-काकू म्हणतात, म्हणून मीही इथे तसंच लिहिते, नाहीतर ते माझ्याच वयाचे आहेत. काका नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात स्वतःच्या हाताने तळं खणलं. आपल्या विहिरीएवढं खोल नाही, छातीएवढं असेल. खाली काळं रबर, कडेने दगड, एका बाजूने पाणी पडतं आणि पंपाने फिरून परत येतं. त्यात सात जपानी मासे होते. सहा नारिंगी आणि काळे, आणि एक हातभर लांबीची पांढरीशुभ्र, तिच्या डोक्यावर बरोबर मधोमध लाल गोल ठिपका. काकू तिला सवत म्हणायच्या.

गेल्या मे महिन्यात काका-काकू पुतण्याच्या लग्नाला महिनाभरासाठी नागपूरला निघाले. जायच्या आदल्या दिवशी काका किल्ली घेऊन आमच्याकडे आले. मुलगा म्हणाला, मी बघेन काका, ऑफिसला जाताना खाणं टाकत जाईन. काका म्हणाले, "तू नको बावा. तू घाईघाईत डबा उलटा करशील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही बघा. तुम्ही शांत आहात. माशांना शांत माणूस पाह्यजे."

काकू मागून म्हणाल्या, "ताई, घराला आग लागली तरी चालेल, पण माझ्या सवतीला जपा. नाहीतर हा माणूस लग्नाच्या मांडवात रडेल."

"तू जळून राहिली," काका म्हणाले.

"जळू नको तर काय करू? मला इतक्या वर्षांत एक बांगडी नाही, आणि हिला आठशे डॉलर मोजले. कुंकू लावून बसलीय ती, मी नुसतीच टिकली."

मी हसले आणि किल्ली घेतली. या देशात मला कुणी विश्वासाने सोपवलेलं हे पहिलं काम होतं. घरात स्वयंपाक करते ते काम नव्हे, तो मी कुठेही केला असता. दुसऱ्याने आपला जीव माझ्या हातात देऊन विमानात बसावं, असं याआधी कधी झालं नव्हतं. ते सात मासे परत येईपर्यंत सातच राहिले पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिला आठवडा नीट गेला. सकाळी आठला मी कुंपणाच्या फाटकातून जायचे, एक मूठ खाणं टाकायचे, पाच मिनिटांत उरलं तर जाळीने काढायचे. साडेआठला काकांचा व्हिडिओ फोन यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. सुनेने मला हिरवं बटण दाबायला शिकवलं होतं. मी फोन पाण्यावर धरायचे आणि काका माशांशी बोलायचे. मला काही बोलावं लागायचं नाही, हे बरं होतं.

मग पाऊस सुरू झाला. तीन दिवस थांबलाच नाही. काकूंनी तळ्याशेजारी नवा फुलांचा वाफा केला होता, बाहेरून पिवळसर माती आणून टाकली होती. ती सगळी वाहून तळ्यात गेली. पाऊस थांबला, पण पाणी काही निवळेना. पंप चालू होता, गाळणी चालू होती, दोन दिवस गेले तरी पाणी जसंच्या तसं. माती इतकी बारीक की ती गाळणीतून जायची आणि पुन्हा यायची.

सकाळी काकांचा फोन आला.

"ताई, पाणी असं चहासारखं काहून झालं?"

"पाऊस," मी म्हणाले.

"मला ती दिसून नाही राहिली. आहे ना?"

"आहे. खाते."

"बरं," ते म्हणाले, पण फोन ठेवेनात. नुसते त्या गढूळ पाण्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला तेव्हा मागे लग्नघरातली गाणी चालली होती, बायका त्यांना बोलवत होत्या, आणि ते म्हणत होते, "थांबा न, एक मिनिट, मला ती दिसू द्या."

आमच्या गावी नदीचं पाणी प्यायचो. पावसाळ्यात ते असंच व्हायचं. माझी आई घागर भरून आणली की तुरटीचा खडा घ्यायची आणि पाण्यात तीन वेढे फिरवायची. तीनच. चौथा दिला की पाणी तुरट होतं म्हणायची. मग झाकण ठेवायचं आणि तासाभराने वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. तळाशी चिखलाची साय बसलेली असायची. मी हे हजार वेळा पाहिलं आहे आणि हजार वेळा केलं आहे. पाणी स्वच्छ करायचं म्हणजे तुरटी, यात मला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. सुनेला विचारता आलं असतं. ती संध्याकाळी घरी आली, भाजी चिरायला माझ्या शेजारी उभीही राहिली. पण आपल्याला जे येतं तेही विचारत बसलं तर ती काय म्हणेल, असं वाटून मी गप्प राहिले.

तुरटीचा एक मोठा खडा माझ्या देवाच्या खणात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधला, जाळीच्या दांड्याला अडकवला आणि तळ्याच्या कडेकडेने फिरवायला लागले. किती वेढे द्यायचे हा प्रश्न होता. घागरीला तीन, तर तळ्याला किती? मी नजरेने घागरी मोजल्या. दोनशे झाल्यावर मोजणं सोडलं आणि खडा अर्धा झिजेपर्यंत फिरवला.

तासाभरात काठाजवळ पाण्यात फाटलेल्या दुधासारखे कण दिसायला लागले. ते एकमेकांना चिकटत चिकटत मोठे झाले आणि खाली जायला लागले. मी दगडावर बसून बघत होते. संध्याकाळपर्यंत वीतभर खोलीपर्यंत दिसू लागलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत होते.

सकाळी काकांनी फोनवर पाहिलं आणि ओरडलेच. "अरे वा ताई! जादू केली का? दिसली, दिसली! अगं ये, तुझी सवत दिसली बघ!"

काकू पडद्यावर आल्या आणि म्हणाल्या, "दिसली एकदाची. आता हा माणूस जेवेल."

काका म्हणाले, "काय केलं ताई?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "फिल्टर धुतला असन तुम्ही. बरं केलं."

मी "हं" म्हणाले.

त्या एका "हं"वर मी नंतर पुष्कळ दिवस घालवले. तेव्हा सांगितलं असतं तर काकांनी लगेच थांबवलं असतं. पण त्यांनी ताई म्हणून केलेलं कौतुक माझ्या अंगावर होतं, आणि खरं सांगून ते काढून ठेवावंसं वाटलं नाही.

मधल्या खोल भागात अजून धुरकट होतं. काकांना तेही स्वच्छ दिसावं म्हणून मी मुलाला शनिवारच्या वाणसामानात तुरटीची पूड आणायला सांगितली. त्याने विचारलंही नाही कशाला. देशी दुकानातून तीन पुडे आणले. सोमवारी दुपारी मी उरलेला खडा आणि तिन्ही पुडे पाण्यात विरघळवून तळ्यात ओतले.

मंगळवारी सकाळी पाणी काचेसारखं होतं. तळाचा प्रत्येक दगड दिसत होता. आणि सहा मासे वर, पाणी पडतं त्या जागी गर्दी करून तोंडं उघडमीट करत होते. पांढरी खाली होती. एका कुशीवर किंचित कलली होती. खाणं टाकलं तर एकही आला नाही.

साडेआठला फोन वाजायला लागला. मी तो उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मी पाण्याकडे बघत उभी होते. दोनदा वाजून थांबल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा सुनेला तिच्या ऑफिसात फोन केला.

"आई? काय झालं? पडलात का?"

"मासे," मी म्हणाले.

"काय मासे?"

"काकांचे. मी तुरटी टाकली."

ती हळू आवाजात म्हणाली, "किती?"

"मोठा खडा. आणि तीन पुडे."

"मी निघते. आता कशाला हात लावू नका. नाही, थांबा. घरात खायचा सोडा किती आहे?"

"ढोकळ्याचा मोठा डबा आहे."

"तो घेऊन तळ्यावर थांबा. पण माझ्याशिवाय टाकू नका. कळलं ना आई? एक चिमूटसुद्धा टाकू नका."

मी सोड्याचा डबा पोटाशी धरून तळ्याच्या काठावर बसले. ती यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी फक्त पांढरीचे कल्ले बघत होते, उघडतात की नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही उघडणार. मग उघडायचे.

सून आली ती गळ्यात ऑफिसचा बिल्ला तसाच घेऊन. तिने काकांच्या गॅरेजमधून पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या शोधून काढल्या. एक बुडवली. हिरवी व्हायला हवी होती म्हणे, ती पिवळी झाली. दुसरी बुडवली, तीही पिवळी.

"आंबट झालंय पाणी," ती म्हणाली. "तुरटीने पाण्यातला सगळा क्षार खाल्ला. त्यात पावसाचं पाणी, त्यात काही क्षार नसतोच."

तिने बादलीत सोडा विरघळवला आणि मला प्लास्टिकचा मग दिला. "धबधब्याखाली, एक मग, हळू. मग पंधरा मिनिटं थांबायचं. मग परत एक."

"सगळा टाकला तर?"

"एकदम बदललं तर आत्ताच मरतील. आंबटाने नाही, धक्क्याने."

तिने नळी लावून नवं पाणी बारीक धारेत सोडलं. नळाच्या पाण्यातलं औषध माशांना बाधतं, म्हणून काकांच्या कपाटातल्या बाटलीतले थेंब मोजून टाकले. आणि मग आम्ही दोघी काठावर बसलो. एक मग, पंधरा मिनिटं. एक मग, पंधरा मिनिटं.

खूप वेळाने ती म्हणाली, "घागरीत मासा नसतो, आई."

मी मान खाली घातली.

"मला का नाही विचारलं?"

"तू कामात असतेस."

"अहो, मी दिवसभर हेच करते! हेच! मला याचा पगार मिळतो!" ती इतकी चिडली होती की हसायलाच लागली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग तिने मला समजावून सांगितलं. ती कंपनीत नक्की काय करते ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

ती म्हणाली, रंग म्हणजे पाण्यात तरंगणारी पूड. ती डब्यात तळाला बसली तर रंग वाया जातो. ती बसत नाही, कारण पाण्यात पडलेल्या प्रत्येक कणाच्या कातडीवर थोडी वीज असते. घन वस्तू आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, नेमकं तिथे, त्या सीमेवर. पाण्यातले क्षार त्या विजेभोवती गोळा होतात आणि कणाला जणू एक अंगरखा होतो. सगळ्या कणांची वीज एकाच जातीची, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. तिच्याकडे ती वीज मोजायचं यंत्र आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती डब्याडब्यातली ती वीज मोजते.

"आणि माती?" मी विचारलं.

"मातीचंही तेच. म्हणून गढूळ पाणी आपोआप निवळत नाही. गाळणीने अडत नाहीत इतके बारीक कण, आणि एकमेकांजवळ यायला तयार नाहीत. तुरटीत उलट्या जातीची वीज असते. ती त्या कणांवर जाऊन बसली की त्यांचा जोर संपतो. मग ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. तुमच्या आईला हे माहीत होतं."

"तिला काही माहीत नव्हतं. तीन वेढे माहीत होते."

"तीन वेढे म्हणजेच माहीत असणं," सून म्हणाली. "जास्त टाकलं की बिघडतं, हे आम्हीसुद्धा यंत्रावर बघूनच ठरवतो."

मग ती थांबली आणि पांढरीकडे बघून म्हणाली, "माशाच्या कल्ल्यांवरही तीच वीज असते आई, मातीसारखीच. तुरटीतलं जे मातीवर जाऊन बसलं, ते तिच्या कल्ल्यांवरही बसलंय."

मी पाण्याकडे पाहिलं. मी ज्याला पाणी स्वच्छ झालं म्हणत होते, ते तिच्या श्वासावर बसलं होतं.

दुपारी एकच्या सुमारास पट्टी किंचित हिरवी झाली. दोनला नारिंगीतले दोघे खाली उतरले आणि फिरायला लागले. तीनला सहाही पसरून पोहत होते. पांढरी तशीच होती. तिच्या अंगावर साबणासारखा पांढरट चिकट थर आला होता. सुनेने बाही वर करून तिला दोन्ही हातांनी धरलं आणि धबधब्याखाली, तोंड प्रवाहाकडे करून, पुढेमागे हलवत राहिली, म्हणजे पाणी कल्ल्यांतून जाईल. ती दमली की मी धरायचे. माझ्या हातात ती जड होती आणि गार होती. एकदा तिने शेपटी हलवली. मी ओरडले, "हलली!" सून म्हणाली, "थांबा. बोलू नका."

चारच्या पुढे कधीतरी ती माझ्या हातात असताना तिचे कल्ले उघडले आणि मिटलेच नाहीत. मी तरी पाव तास तिला हलवत राहिले. मग सुनेने माझ्या हातांवर हात ठेवला आणि "बास आई" म्हणाली.

लाल ठिपका तसाच होता. जराही उतरला नव्हता.

तोवर काकांचे अकरा फोन येऊन गेले होते. सुनेने त्यांना निरोप पाठवला की आईंचा फोन बिघडलाय, उद्या बोलू. तेवढं खोटं तिने माझ्यासाठी केलं.

मुलगा घरी आला, सगळं ऐकलं आणि लगेच फोन काढून शोधायला लागला. "टेन्शन काय घेतेस आई? सेम साइझची ऑनलाइन मिळते. उद्या ऑर्डर केली तर परवा बॉक्समधून जिवंत येते. काका यायला अजून पंधरा दिवस आहेत. त्यांना कळणार पण नाही."

"ठिपका?" मी विचारलं.

"ठिपका थोडा इकडेतिकडे असेल."

"ठिपका म्हणजे काय टिकली आहे का?" सून म्हणाली. "ते तिच्याकडे रोज तासभर बघतात."

"मग तू सांग काय करायचं."

"मी नाही सांगणार. आईंनी सांगायचं."

दोघं माझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं मुलाचं ऐकावं. खरंच वाटत होतं. पैसे तोच देणार, मासा येणार, सात होणार. मला फक्त आणखी एकदा "हं" म्हणायचं होतं. पण मग पुढे रोज काका त्या नव्या माशाशी बोलणार आणि मी कुंपणाच्या अलीकडून ते ऐकणार.

"सकाळी मी सांगते," मी म्हणाले.

मला बोलता येणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मी एका कागदावर लिहिलं. साडेआठला तळ्याच्या काठावर उभी राहिले. सून ऑफिसला उशिरा जाणार होती, ती फाटकापाशी थांबली, जवळ आली नाही. फोन वाजला. मी हिरवं बटण दाबलं आणि काकांच्या तोंडाकडे न बघता वाचलं.

"भाऊ, मी तळ्यात तुरटी टाकली. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही फिल्टर म्हणालात तेव्हा मी हो म्हणाले, ते खोटं होतं. काल तुमचा लाल ठिपक्याचा मासा गेला. सहा जगलेत. चूक माझी आहे. पैसे मी देईन. मुलगा नाही, मी."

तिकडे मांडवाचे लोक बोलत होते, कुणीतरी माइक तपासत होतं. काकांनी मागे हात करून त्यांना थांबवलं. मग म्हणाले, "कुठे आहे ती?"

"बर्फात. टोपलीत."

"वाफ्यात पुरा. खोल पुरा, नाहीतर रात्री रॅकून उकरून नेतील."

आणि फोन बंद झाला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. रोज साडेआठला मी काठावर उभी असायचे, फोन हातात, आणि तो वाजायचा नाही. सुनेने मला पट्टी बुडवून रंग वाचायला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ मी पट्टी बुडवायचे आणि कागदावर लिहायचे, हिरवी, हिरवी, फिकट हिरवी. तो कागद मी त्यांना दाखवणार होते. काय फायदा होणार होता ते मलाही ठाऊक नव्हतं, पण काहीतरी हातात हवं होतं.

ते आले त्या दिवशी मी दुपारपासून फाटकापाशी होते. टॅक्सी थांबली. काका बॅगा गाडीतच टाकून घराला वळसा घालून थेट तळ्याकडे गेले. उभे राहून मोजलं. सहा. मग वळले आणि मला बघून थांबले. मी किल्ली पुढे केली.

काकू मागून आल्या. मला वाटलं त्या काहीतरी टोमणा मारतील. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, माझी सवत गेली हो," आणि तिथेच दगडावर बसून रडायला लागल्या. काका उभेच होते. शेवटी म्हणाले, "राग आला होता. अजून आहे. पण खोटं बोलून नाही राहिल्या तुम्ही, म्हणून इथे उभा आहे."

"पैसे देते," मी म्हणाले.

"कायचे पैसे? बहिणीकडून घेऊ का?"

"घ्या."

"तुम्ही कुठून देणार ताई?"

त्यांनी ते वाईट मनाने विचारलं नव्हतं. पण मला ते लागलं. घरी आल्यावर मी सुनेला, कुणीही न विचारता, स्वतःहून म्हणाले, "मला भाकरी येते. इथे कुणाला लागतात का?"

तिने फोन काढून इथल्या मराठी मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं. तासाभरात तिने मला वाचून दाखवलं: "एकीला शनिवारी वीस ज्वारीच्या. एकीला बाजरीच्या. ही पुण्याची विचारते, पापुद्रा सुटतो का?"

"सुटतो म्हणावं," मी म्हणाले.

अशा शनिवारच्या भाकऱ्या सुरू झाल्या. पीठ महाग, गॅसवर तव्याला नीट आच लागत नाही, धुराने छतावरची धोक्याची घंटा वाजायची आणि मुलगा टॉवेल घेऊन तिच्याखाली नाचायचा. पहिल्या महिन्याचे पैसे मी पाकिटात घालून काकांना दिले. त्यांनी ते संध्याकाळी मुलाच्या हाती परत पाठवले. मी सकाळी पुन्हा नेऊन दिले. ते पाकीट कुंपणावरून चार वेळा गेलं आणि आलं. शेवटी काकू ओरडल्या, "घ्या हो! त्या बाईला झोप तरी लागू द्या. आणि ताई, पुढच्या शनिवारी आम्हालाही दहा द्या, पैसे देऊन." त्यानंतर काका पाकीट घ्यायला लागले. पण न उघडता. माझ्यासमोर खिशात टाकायचे आणि "राहू दे न ताई, झालं आता" म्हणायचे. मला ते आवडायचं नाही. जणू मी लहान मुलीसारखी खोटे पैसे देते आहे आणि ते खोटे खोटे घेत आहेत.

हिवाळ्यात तळं गोठलं. श्वासापुरतं भोक राहावं म्हणून काकांनी त्यात एक छोटा हीटर तरंगत ठेवला होता. फेब्रुवारीत एका शनिवारी सगळ्या भाकऱ्या गेल्यावर मी शेवटचं पाकीट घेऊन फाटकातून गेले. बर्फ घोट्यापर्यंत होता. काका स्वेटर घालून मागच्या दारात उभे होते.

"हे शेवटचं," मी म्हणाले.

त्यांनी पाकीट घेतलं आणि नेहमीसारखं खिशात टाकायला लागले. मी म्हणाले, "मोजा."

"ताई—"

"मोजा भाऊ. आठशे होतात का बघा. आधीची पाकिटंही काढा."

मी इतकं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग ते आत जाऊन चष्मा घेऊन आले. आधीची सगळी पाकिटं त्यांनी एका डब्यात तशीच ठेवली होती, एकही फोडलं नव्हतं. तो डबा त्यांनी टेबलावर उपडा केला. एक एक पाकीट फाडलं, नोटा सरळ केल्या, बोटाला थुंकी लावून मोजल्या. मी दारातच उभी होते, बूट बर्फाने ओले होते म्हणून आत गेले नाही. मध्ये एकदा ते चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मी थांबले.

"आठशे," ते म्हणाले. "पूर्ण झाले."

"झाले ना?"

"पूर्ण झाले, ताई." त्यांनी नोटा एकत्र केल्या, दुमडल्या आणि आपल्या पाकिटात घातल्या.